वास्त्यांची पाठवणी

मारणं हा माझा धंदा आहे.

घाबरू नका, आमगावात माझं कृषी केंद्र आहे. खोडकिडा, तुडतुडे, लष्करी अळी, उंदीर! माझ्या दुकानातून पुडी निघाली की संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी सुतक. (दुकानदाराच्या तोंडचं आहे, निम्मं सोडून द्या.) असा मी, अख्ख्या तालुक्याच्या किडींचा काळ, गेल्या वर्षी एका जिवापुढे चारीमुंड्या चीत झालो. तो जीव डोळ्यांना दिसत नाही, त्याला हातपाय नाहीत, आणि माझ्या घरी तो माझ्याच पैशाच्या बाटलीत राहत होता.

सुरुवात श्रावणात झाली. आमची एकुलती एक मयुरी हैदराबादला नांदते. तिचा फोन आला, दिवस गेले म्हणून. आमच्या हिने फोनवरच रडून घेतलं, मी दुकानात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"बाबा, मले वास्त्याची भाजी खावीशी वाटून राहिली."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्याकडे पावसाळ्यात बाजारात ढीग लागतात. किसून, पाण्यात टाकून, उकळून कडवटपणा काढायचा आणि मग भाजी. पावसाळा सरला की संपलं. कोंबाचा बांबू होतो आणि बांबू चावता येत नाही. इकडे वास्त्यांचा हंगाम ऐन भरात, आणि तिकडे डॉक्टरीणबाईंनी मयुरीला सुरुवातीचे महिने प्रवासाला सक्त मनाई केलेली. ती आमगावला येणार ती सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. म्हणजे माघात! माघात वास्ते कुठून आणायचे? कुरियरने पाठवावे म्हटलं तर कुरियरवाल्याने पुडक्याचा नुसता वास घेतला आणि हात जोडले.

"डोहाळे पुरे नाही झाले तं लेकराचा कान फुटते," ही म्हणाली. "माया मावशीच्या पोराचा फुटला होता."

"काही फुटत नाही. मी आहे ना! वास्ते माघापर्यंत टिकवून दाखवतो."

"तुमी?"

त्या एका 'तुमी'मध्ये आमच्या संसाराचा सगळा इतिहास होता. पण मी बाप होतो, आणि वर दुकानदार. मी गोंदियाला बाटल्या आणायला गेलो.

"सेठ, काचेच्या बाटल्या दाखवा. घट्ट झाकणाच्या."

"किसके वास्ते?"

"हो, वास्ते!"

"अरे भाऊ, किसके वास्ते?"

"वास्ते के वास्ते!"

"वही तो पूछ रहा हूँ, किसके वास्ते?"

"बेटी के वास्ते!"

"तो ऐसा बोलो ना! बेटी बोतल में क्या रखेगी?"

"वास्ते!"

सेठने माझ्या डोक्यावरचा पंखा वाढवला आणि पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. बाटल्या मात्र दिल्या. वेड्याला लवकर वाटेला लावावं, हा धंद्याचा नियम गोंदियातही आहे.

मग जे मी केलं ते एखाद्या मोठ्या इस्पितळातही होत नसेल. बाटल्या फिनाईलने धुतल्या. मग गरम पाण्याने. मग स्पिरिटच्या बोळ्याने आतून-बाहेरून पुसल्या. घरात असा वास सुटला की शेजारच्या यमुनाकाकू कुंपणावरून ओरडल्या, "कोन भरती आहे जी तुमच्या घरी?"

"भाजी ठेवून राहिले का ऑपरेशन करून राहिले?" इति आमची ही.

वास्ते मी स्वतः उकळले. रटरट रटरट, घंटाभर! हळद टाकली, मीठ टाकलं, बाटल्यांत गळ्यापर्यंत भरले, झाकणं अशी आवळली की माझ्या मनगटातून कट् असा आवाज आला. फडताळावर रांग लावली आणि हिला बोलावलं.

"याच्यात आता मुंगीच्या नातवाचाही जीव शिल्लक नाही. लिहून घे."

हिने लिहून घेतलं नाही. पण लक्षात ठेवलं, जे जास्त वाईट.

दिवाळीनंतर फडताळ झाडताना माझ्या लक्षात आलं, बाटल्यांची झाकणं मधून वर आली आहेत. छान गोलसर, टुमटुमीत. मला तर बरंच वाटलं! तिकडे मुलीचे महिने भरत होते, इकडे बाटल्याही बाळसं धरत होत्या. मी कौतुकाने एका झाकणावर टिचकी मारली. आतून टुक् असं उत्तर आलं.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मयुरीला बाटल्या दाखवल्या. तिचे डोळे भरून आले. "बाबा, माये वास्ते!" तेवढ्यात तिच्या खांद्यावरून आमचे जवाईबापू डोकावले. निखिल मूळचा तिरोड्याचा. हैदराबादला सलाईनच्या बाटल्यांच्या कारखान्यात असतो, तोही जंतू मारण्याच्या खात्यात. म्हणजे एका परीने आमचा व्यवसाय एकच. मी दिसणारे मारतो, तो न दिसणारे. शांत मुलगा. घर पेटलं तरी आधी 'नमस्कार मामाजी' म्हणेल.

"नमस्कार मामाजी. ते झाकण असं वर काऊन आलं जी?"

"भाजी फुलली बापू आतून."

"मामाजी, भाजी फुलत नाही. आत कोनीतरी जित्तं आहे."

"अशक्य! घंटाभर उकळलेत. वर फिनाईल आहे, स्पिरिट आहे!"

"त्यानं बाकीचे मरतात. स्पोर नाही मरत."

"कोणाचं पोर?"

"पोर नाही जी, स्पोर. बीजाणू." आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पायातली वहाण गळाली. म्हणाला, हा जंतू मातीतला. वास्ते जमिनीतून निघतात, त्यांच्यासोबत आला. त्याला संकट दिसलं की तो आपला सगळा संसार एका दाण्यात बांधतो. आतलं पाणी काढून टाकतो, वर पापुद्र्यावर पापुद्रे चढवतो. मग खाणं नाही, पिणं नाही, वाढणं नाही. नुसतं पडून राहायचं. तुमचं उकळतं पाणी त्याच्यासाठी आंघोळीचं. स्पिरिट, फिनाईल त्या पापुद्र्यांच्या आत पोचतच नाही. आणि तुम्ही बाकीचे सगळे जंतू मारून, हवा बाहेर कोंडून, त्याच्यासाठी बंगला रिकामा करून दिला. आता तो जागा झाला आहे.

"म्हणजे आपलं धानाचं बी," मी म्हटलं. "कोठीत वर्ष वर्ष पडतं, पाणी लागलं की मोड."

"बरोबर! फक्त हे बी उगवलं की विष करते. जहाल. त्या विषाची चव लागेल, वास येईल, असंबी नाही. एक घासबी बस होते मामाजी. त्या बाटल्या उघडू नका. बंदोबस्त करा."

"बंदोबस्त करतो," मी म्हटलं.

आता 'बंदोबस्त' हा शब्द पाहा कसा आहे. निखिलला वाटलं, मी फेकणार. मला वाटलं, मी मारणार! माझ्या मुलीच्या तोंडचा घास एका दाण्याएवढ्या, छे, दाण्याच्या खापरपणतूएवढ्या जंतूने पळवावा? आणि मी, कृषी केंद्राचा मालक, त्याला वाट करून द्यावी?

"पण तुमच्या कारखान्यात तो मरतो कसा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दाबाच्या वाफेत. एकशे एकवीस अंश. मोठ्या कुकरसारखं असते."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. कुकरजवळ ही उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"हा कुकर माया माहेरचा आहे. हात लावसान तं याद राखा!"

तरी ती देवळात गेल्यावर मी प्रयत्न केलाच. बाटली कुकरपेक्षा उंच निघाली. आडवी केली, तर लांब निघाली. तिरपी केली, तर झाकण बसेना. मी झाकणावर बसून पाहिलं. तेवढ्यात ही देवळातून परत आली. नवरा भर दुपारी तिच्या माहेरच्या कुकरवर बसलेला! तिने देवाकडे काय मागितलं होतं ठाऊक नाही, पण ते मिळालं नाही हे तिच्या तोंडावरून कळत होतं. कुकर त्याच दिवशी यमुनाकाकूंच्या घरी गेला, आणि बाटल्या गुरांच्या गोठ्यात. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. (बैलांचं नशीब!)

गोठ्यात बाटल्यांसमोर मी डोकं धरून बसलो. आणि तिथे मला साक्षात्कार झाला. बी आहे ना? मग बियासारखंच वागवायचं! आम्ही बांधीत, म्हणजे भातशेतात, धान रोवण्याआधी काय करतो? पहिल्या पाण्यावर तण उगवू देतो. तण बेसावध होऊन वर आलं की चिखलणी करून गाडतो. बी मरत नाही, पण मोड मरतो! तसंच या लेकाच्यांना आधी उन्हात ठेवून गोंजारायचं, जागं करायचं, 'या, पावसाळा आला' असं भासवायचं, आणि डोळे किलकिले केले की घातले उकळत्या पाण्यात!

मी फोनवर हे निखिलला आडून आडून सांगितलं. तो चाट पडला. म्हणाला, "मामाजी, जुन्या काळी अशी पद्धत होतीच. उकळा, थांबा, पुन्हा उकळा." माझी छाती इतकी फुगली की झाकणं बरी! पुढे तो म्हणाला, "पन त्याच्यावर भरोसा नाही ठेवत कोनी. सगळेच एका वेळी थोडीच उठतात? एखादा झोपूनच राहते." हे वाक्य मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण आपली स्तुती झाल्यानंतरचं वाक्य कोण ऐकतो?

मग माझी चिखलणी सुरू झाली. सकाळी बाटल्या उन्हात, दुपारी घमेल्यातल्या उकळत्या पाण्यात, संध्याकाळी गोठ्यात. पुन्हा सकाळी ऊन. येणारे-जाणारे विचारायचे, "काय वाळवून राहिले जी?" आणि ही आतून उत्तर द्यायची, "अक्कल!" ते सोसलं. पण बाटल्यांनी दगा दिला. एकेक झाकण आधी गोल, मग घुमट, मग काठातून सूंऽ सूंऽ आवाज. मी जितकं उकळावं तितके ते टवटवीत. त्यांना वाटत असावं, यजमान हौशी आहे, रोज आंघोळ घालतो! मला रात्रंदिवस एकच प्रश्न छळू लागला: माघात मुलगी येईल, ताटावर बसेल, माझ्याकडे पाहील, तिला काय सांगू? तुझ्या वास्त्यांना पोरं झाली?

शेवटी सगळ्या पलटणीत एकच बाटली उरली जिचं झाकण सपाट होतं. सपाट! तळहातासारखं! मी तिला छातीशी धरलं. हीच माझी लाज राखणार. बेत साधा होता. डोहाळजेवण आटोपलं की निखिलसमोर ती उघडायची, आधी मी खायची, आणि मी उभाच राहिलो तर मयुरीला द्यायची. (बेतात 'तर' किती महत्त्वाचा आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.) हिच्या नजरेस पडू नये म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी मी बाटली पुढच्या खोलीत, खुर्चीशेजारच्या कोपऱ्यात, पितळी गंजाखाली, म्हणजे उभट पातेल्याखाली, झाकून ठेवली. वर फुलं ठेवली, संशय नको म्हणून.

मयुरी हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत खुर्चीवर बसली. ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली, विहीणबाई तिरोड्याहून खास ठेवणीतली पैठणी नेसून आल्या होत्या. मी आणि निखिल दाराशी उभे. मयुरीने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. निखिलने तिला सगळं सांगितलंच असणार. मी मान खाली घातली.

"आता वाट्या आना वो!" यमुनाकाकूंनी फर्मान सोडलं. दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोरीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. यमुनाकाकूंची नजर तशी अधू. त्यांना समोरच्या चिमुकल्या वाट्या दिसल्या नाहीत. कोपऱ्यातला झाकलेला, फुलं वाहिलेला भला मोठा गंज दिसला!

"बाप्पा! केवढी वाटी ठेवली माय! उघड पोरी!"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण उशीर झाला होता. मयुरीने गंज उचलला.

"वास्ते!!"

काय तो चेहरा फुलला हो तिचा! सहा महिन्यांचा डोहाळा तिच्या डोळ्यांतून वाहायला लागला. "बाबा! तुमी ठेवले!" तिने बाटली उचलली, मांडीवर घेतली, झाकणाला हात घातला...

"मयू, उघडू नको!" निखिल ओरडला. नमस्कार न म्हणता! जन्मात पहिल्यांदा! त्याने खोलीभर बसलेल्या बायकांवरून उडी मारली, बाटली हिसकावली आणि मागच्या दाराकडे धावला. पण मधे पैठणी होती. तो अडखळला, बाटली पायरीवर आपटली, आणि धडाम्!

सपाट झाकण! अहो, सपाट झाकणाच्या आतही तेच बसले होते, फक्त हे जरा सभ्य होते. वास्ते दारावर, वास्ते तोरणावर, वास्ते विहीणबाईंच्या पैठणीच्या मोरांवर. आणि वास! या भाजीला वास्ते का म्हणतात ते त्या दिवशी मला कळलं.

मग यमुनाकाकूंचा आवाज: "मंग काय समजाचं? पेढा का बर्फी?"

"एवढा मोठा आवाज झाला," मागून कोणीतरी म्हणालं, "दोन असन!"

"कोणी हात तोंडाला लावू नका!" निखिल किंचाळत होता. "साबणानं हात धुवा! सगळ्यांनी!" भरजरी साड्यांतल्या बायका अंगणातल्या नळावर रांगेत उभ्या, आणि आमच्या विहीणबाई मोरीत पैठणीसह उभ्या राहून बादलीने पाणी ओतून घेत म्हणत होत्या, "डोहाळजेवनाले बोलावलं म्हने. फवारनीले बोलावलं असतं तं जुनं लुगडं नेसून आली असती!"

मी मयुरीजवळ गेलो. ती ढसाढसा रडत होती.

"बेटा, लागलं का?"

"नाही."

"मग काऊन रडून राहिली?"

"दिसले ना बाबा! हातात आले होते ना माया!"

या वाक्याला माझ्या दुकानात औषध नाही.

परतीच्या दिवशी सकाळीच निखिल म्हणाला, "मामाजी, बाकीच्या बाटल्या कुठं आहेत?" मी गोठा दाखवला. तो दारातच थांबला, हातमोजे मागितले. (फवारणीचे दिले.) हिने आपलं जुनं लुगडं आणून दिलं, काच फुटली तर उडू नये म्हणून. बाटल्या एकेक करून लुगड्यात गुंडाळल्या, एका पेटीत तणशीची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, मऊ गादी करून त्यावर ठेवल्या, पेटी भाड्याच्या गाडीत चढवली. वासाने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. ही पदर लावून, मी रुमाल लावून. बांधीच्या धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधाशी, विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा खणला. पेटी हळूच खाली सोडली.

"मरतील ना आता?" मी विचारलं.

"मरतील कायले मामाजी?" निखिल माती लोटत म्हणाला. "ते मातीतलेच. हे त्यायचं माहेर आहे. पडून राहतील आरामात, वर्षानुवर्षं."

दुपारच्या गाडीने पोरगी गेली. डब्यात चिवडा, पिशवीत पोहे, पोटात डोहाळा तसाच. गोंदियाच्या फलाटावर तिने माझ्या पाया पडताना विचारलं, "बाबा, पुढच्या पावसाळ्यात तरी?" मी नुसतं डोकं हलवलं. (वैशाखात नात झाली. एकच. कान शाबूत आहेत. फुटली ती बाटलीच.)

घरी येताना गाडीत मी हिशोब लावत होतो. पोटची मुलगी रिकाम्या हाताने सासरी गेली. आणि ज्यांना मारायला मी श्रावणापासून कंबर कसली, त्यांना मी रोज आंघोळी घातल्या, उन्हात बसवलं, हळद-मीठ दिलं, आणि शेवटी लुगडं नेसवून, डोळे पुसत पुसत माहेरी पोचवून आलो. तेही गाडी करून!

"उगी बसा," ही म्हणाली. "आता दिवाळीले त्यायले आनाले जाऊ नोका म्हंजे झालं."

नाही गेलो. पण त्या धुऱ्यावरून आजही चपला हातात घेऊन, खोकला दाबून जातो. न जाणो, बापाचा आवाज ओळखून उठले तर!